चवदार तळे आणि सावित्रीचे पाणी : मोजपट्टी कोणाच्या हातात?

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतो, ओंजळभर पाणी हातात घेतो, बाबासाहेबांना अभिवादन करतो आणि परत येतो. त्याच महाडला लागून सावित्री नदी वाहते. महाडच्या औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने याच नदीच्या खोऱ्यात आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तिच्यात महाडजवळचा सावित्रीचा पट्टा आहे. तळ्यावर आपल्याकडे ग्रंथ आहेत, गाणी आहेत, भाषणे आहेत. नदीच्या पाण्यात काय आहे, हे विचारणारा कार्यकर्ता मात्र क्वचितच भेटतो.

हा प्रश्न आपला नाही, तो पर्यावरणवाल्यांचा आहे, असे आपल्यातल्या अनेकांना वाटते. आम्हालाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पण पाण्याची प्रत ठरवण्याचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा लक्षात आले की या देशात पाण्याची प्रत हा कधीच निव्वळ पाण्याचा विषय नव्हता. चांगले पाणी कोणते आणि वाईट कोणते, हे ठरवणाऱ्याच्या हाती माणसांची प्रत ठरवण्याचीही सत्ता होती. महाडचा लढा त्या सत्तेविरुद्धचा होता. तो लढा निम्मा जिंकला गेला आहे. पाणवठ्यापर्यंत जाण्याचा हक्क मिळाला, पण पाणवठ्यातल्या पाण्याच्या प्रतीचा हक्क अजून बाकी आहे. या लेखात आम्हाला एवढेच मांडायचे आहे.

स्पर्शाची मोजपट्टी

आपल्या समाजात पाणी तपासण्याची एक जुनी पद्धत होती. तिला ना बाटली लागत होती, ना प्रयोगशाळा. पाण्याला कोणाचा हात लागला, एवढेच पाहिले जाई. ब्राह्मणाचा लागला तर पाणी शुद्ध, महाराचा लागला तर बाटलेले. पाण्यात काय मिसळले, याच्याशी या तपासणीचा काही संबंध नव्हता. त्याच पाणवठ्यावर गुरे धुतली जात, कपडे आपटले जात, आणि त्याने पाणी बाटत नसे.

या मोजपट्टीला आव्हान देणारी माणसे आपल्या परंपरेत फार आधीपासून आहेत. थेरीगाथेत पुण्णिका नावाच्या थेरीची कथा येते. ती दासी होती, थंडीत नदीवर पाणी भरायला जायची. तिथे पापक्षालनासाठी कुडकुडत डुबकी मारणाऱ्या एका ब्राह्मणाला तिने प्रश्न केला की, पाण्याने पाप धुतले जात असेल तर जन्मभर पाण्यात राहणारे बेडूक, कासव आणि मगरी सगळेच स्वर्गात जाणार का? पाणी भरणाऱ्या बाईला पाण्याचे गुणधर्म पाण्यात डुबकी मारणाऱ्यापेक्षा जास्त कळत होते. पुढे १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या हौदाचे पाणी आदल्या दिवशी जसे होते तसेच दुसऱ्या दिवशीही होते. बदलला तो फक्त हात.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर काय झाले हे आपल्याला पाठ आहे. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि मग सवर्णांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मिश्रण भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या.

या घटनेकडे आपण अपमान म्हणून पाहतो, आणि तो अपमान होताच. पण आज आम्ही ती एका वेगळ्या अंगानेही पाहायला सांगतो. शेण आणि दही साठलेल्या पाण्यात पडले की सूक्ष्म जीव त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. शेणातले जंतू पाण्यात मिसळतात ते वेगळेच. म्हणजे आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या हिशेबाने त्या दिवशी तळे घाण झाले ते माणसांच्या ओंजळीने नव्हे, तर शुद्धीकरणाने. जुन्या मोजपट्टीत मात्र त्याची नोंद नेमकी उलटी झाली.

नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सवर्णांनी दावा लावून मनाईहुकूम मिळवला. हा खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हा दावा पुराव्याने शाबीत झाला नाही. 'पुरावा' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. बाबासाहेबांनी शुद्ध-अशुद्धतेचा वाद शास्त्राच्या पोथीतून उचलून साक्षीपुराव्याच्या टेबलावर आणला. तिथे तो टिकला नाही.

बाटलीतला प्राणवायू

याच काळात जगात दुसरी एक मोजपट्टी तयार होत होती. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कुठल्या घरांत झाले याची घरोघर नोंद केली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या एका हातपंपाकडे बोट दाखवले. त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. रोग दुर्गंधीने होतो असे त्या वेळचे बहुतेक डॉक्टर मानत होते. स्नो यांनी पाण्याला जबाबदार धरले, आणि ते नुसत्या मताने नाही, तर नोंदीने.

१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी थेट ब्रिटिश संसदेच्या खिडक्यांत शिरली. मग मात्र पैसा लगेच मंजूर झाला. अभियंता बॅझलगेट यांनी मोठी गटारे बांधली आणि शहराची घाण पूर्वेला, प्रवाहाच्या खालच्या अंगाला नेऊन सोडली. हा धडा लक्षात ठेवा. वास सत्तेच्या नाकापर्यंत पोहोचला तेव्हा काम झाले, आणि काम झाले म्हणजे घाण दुसऱ्यांच्या दारात गेली.

इंग्लंडमध्ये १८९८ साली सांडपाण्यावर एक शाही आयोग नेमला गेला. त्याचा १९१२ चा आठवा अहवाल आजही आपल्या आयुष्यात आहे. नदी किती घाण आहे हे मोजण्यासाठी या आयोगाने एक चाचणी रूढ केली. तिलाच आज आपण बीओडी म्हणतो. चाचणी सोपी आहे. नदीचे पाणी बाटलीत भरायचे, त्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा, बाटली बंद करून ठरावीक तापमानाला अंधारात काही दिवस ठेवायची आणि पुन्हा मोजायचे. पाण्यात घाण जितकी जास्त, तितके ती खाणारे जीव जास्त आणि तितका प्राणवायू जास्त संपतो. जेवढा संपला तेवढा बीओडी. आयोगाने पाच दिवसांची मुदत धरली होती. आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी २७ अंश तापमानाला तीन दिवसांची चाचणी वापरली जाते.

आयोगाने नद्यांना प्रतही दिली. बीओडी १ असेल तर अतिस्वच्छ, २ असेल तर स्वच्छ, ३ असेल तर बऱ्यापैकी स्वच्छ, ५ असेल तर संशयास्पद आणि १० असेल तर वाईट. नदीला आकड्यावरून श्रेणी देण्याच्या आजच्या पद्धतीचे मूळ इथे आहे. या बाटलीला जात कळत नाही. ती ब्राह्मणाच्या घाटावरून भरली काय किंवा मांगवाड्याच्या पाणवठ्यावरून भरली काय, प्राणवायूचा आकडा खोटे बोलत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की ही मोजपट्टी मूलतः आपल्या बाजूची आहे.

मात्र त्याच अहवालातली एक अट आपण सोयीने विसरलो. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा बीओडी २० पर्यंत चालेल असे आयोगाने म्हटले होते, ते नदीत त्याच्या किमान आठ पट स्वच्छ पाणी वाहत असेल या गृहीतावर. इंग्लंडच्या नद्या बारमाही. आपल्या नद्या धरणांनी अडवलेल्या आणि वर्षातले सात-आठ महिने कोरड्या. सांडपाण्यात मिसळायला आठ पट पाणी येणार कुठून? त्या दिवसांत अनेक शहरांच्या खाली नदीत जे वाहते ते सांडपाणीच असते.

बाबासाहेब आणि नद्यांची नोंद

बाबासाहेबांचे पाण्याशी नाते महाडपाशी संपत नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना, ओरिसातल्या नद्यांचे नियोजन या कामांत त्यांचा थेट सहभाग होता. नदीचा विचार प्रांतांच्या सीमांनी तुकडे करून नव्हे, तर सबंध खोरे धरून करावा, ही भूमिका त्यांनी मांडली. १९४५ साली त्यांच्याच खात्याखाली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. नद्यांची माहिती गोळा करणे, योजना आखणे आणि प्रांतांत समन्वय ठेवणे हे त्याचे काम होते. आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याच संस्थेचा वारस आहे. देशातल्या नद्यांची पातळी, प्रवाह आणि पाण्याची गुणवत्ता हा आयोग आज ठिकठिकाणच्या केंद्रांवर मोजतो.

म्हणजे ज्या माणसाला तळ्याला हात लावू दिला नाही, त्याच माणसाच्या खात्यातून या देशाच्या नद्या मोजणारी संस्था उभी राहिली. आपल्या पोरांना हे शाळेत कोणी सांगत नाही. धरणांची चर्चा निघाली की अभियंत्यांची नावे येतात, बाबासाहेबांचे नाव येत नाही.

पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आला. बोले ठरावातला मजकूर मूलभूत हक्क झाला. १९९१ साली सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा मिळणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. कलम १५ आपल्याला पाणवठ्यापर्यंत नेते आणि कलम २१ पाणवठ्यातल्या पाण्याबद्दल बोलते. आपली चळवळ पहिल्या कलमावर ठाम उभी आहे, दुसऱ्याकडे तिने अजून पुरेसे पाहिलेले नाही.

वर्ग ए पासून वर्ग ई पर्यंत

पाणी प्रदूषणाचा कायदा करण्यात महाराष्ट्र केंद्राच्याही पुढे होता. राज्याचा कायदा १९६९ चा, आणि त्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले. केंद्राचा जल कायदा १९७४ साली आला आणि त्याच वर्षी केंद्रीय मंडळ बनले. त्यानंतर नद्यांवर तपासणी केंद्रे बसवण्याचे काम टप्प्याटप्प्याने वाढत गेले.

केंद्रीय मंडळाने नद्यांचे पाच वर्ग केले. प्रत्येक वर्ग पाण्याच्या वापरावरून ठरतो. वर्ग ए म्हणजे फक्त निर्जंतुक करून पिण्याजोगे पाणी, बीओडी २ पर्यंत. वर्ग बी स्नानासाठी, बीओडी ३ पर्यंत. वर्ग सी म्हणजे नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया करून पिण्याजोगे. वर्ग डी मासे आणि वन्यजीवांसाठी. वर्ग ई शेती आणि कारखान्यांतल्या थंडाव्यासाठी. महाराष्ट्रातही अशीच चार वर्गांची विभागणी आहे आणि तिचे शेवटचे टोक शेती व उद्योगांपाशीच येते.

याशिवाय जल गुणवत्ता निर्देशांक नावाचा एक आकडा काढला जातो. त्याची मूळ कल्पना अमेरिकेतली. १९७० साली तिथे १४२ तज्ज्ञांची मते घेऊन नऊ घटकांचा निर्देशांक तयार झाला. आपल्याकडे त्याची चार घटकांवरची आवृत्ती वापरतात. त्यात विरघळलेला प्राणवायू, बीओडी, सामू आणि विष्ठेतून येणारे कोलीफॉर्म जंतू मोजतात. चारही मिळून शंभरपैकी एक आकडा येतो आणि त्यावरून नदी 'चांगली', 'मध्यम' किंवा 'वाईट' ठरते.

या चार घटकांत शिसे नाही, पारा नाही, कारखान्यातली रसायने नाहीत. घरगुती सांडपाणी ओळखायला हा निर्देशांक उपयोगी आहे. पण रासायनिक वसाहतीच्या खालच्या नदीत तो फसवू शकतो. पाणी इतके विषारी असेल की घाण खाणारे जीवच त्यात मरतील, तर बीओडी उलट कमी दिसतो. आकडा चांगला आणि मासे मेलेले, असे होऊ शकते. सावित्रीसारख्या नदीकाठच्या माणसाने म्हणूनच विचारले पाहिजे की निर्देशांकात काय मोजले आणि काय मोजलेच नाही.

नद्यांची श्रेणीबद्ध असमानता

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध असमानता म्हटले. त्यांचे म्हणणे असे की इथे नुसते वरचे आणि खालचे असे दोन गट नाहीत, तर पायऱ्यांमागून पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीचा मान वेगळा, आणि खालच्या पायरीवर टाकलेल्याला वर चढायची वाट नाही. नद्यांच्या वर्गवारीकडे पाहताना आम्हाला हेच आठवते.

वर्गवारीचा हेतू चांगला होता. ज्या पट्ट्यात पाण्याचा जो सर्वांत चांगला वापर होतो, त्या वापराला साजेशी प्रत राखावी, असा तो हेतू. पण प्रत्यक्षात एकदा एखादा पट्टा खालच्या वर्गात गेला की तिथे अधिक घाण चालते असा अर्थ काढला जातो. २००० साली महाराष्ट्र शासनाने नदीच्या वर्गानुसार काठापासून किती अंतरात कोणते उद्योग नकोत, हे धोरण ठरवले. वरच्या वर्गाच्या नदीला जास्त संरक्षण, खालच्या वर्गाच्या नदीला कमी. हे धोरण परिपूर्ण नव्हते, पण नदीच्या प्रतीला काही किंमत होती. २०१५ साली तेही रद्द झाले. प्रत कागदावर उरली, तिच्यामागचे बंधन गेले.

आता नदी कुठून कुठे जाते ते पाहा. खडकवासल्याचे स्वच्छ पाणी पुणे पिते. पुण्यातून बाहेर पडते ती मुळा-मुठा. ती भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात जाते आणि तिथून सोलापूर पाणी पिते, चंद्रभागेत वारकरी स्नान करतात. वरच्याने वापरायचे आणि खालच्याने त्याचे उरलेले प्यायचे. आपल्या आजोबा-पणजोबांना हा नियम ओळखीचा होता. त्यांचा पाणवठा वेगळा असे, आणि पुष्कळ गावांत तो प्रवाहाच्या खालच्या अंगाला असे.

नागपूरचे उदाहरण तर आपल्या काळजाचे आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांचा आणि इथून वाहणाऱ्या नाग नदीचा उल्लेख केला होता. आज त्या नदीतून शहराचे सांडपाणी वाहते. ते कन्हानमार्गे वैनगंगेत जाते आणि गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात उतरते. त्या पाण्याकाठी भोई-ढिवरांची, शेतमजुरांची गावे आहेत. गंमत म्हणजे पाणी आणि सार्वजनिक आरोग्यावर संशोधन करणारी देशातली मोठी संस्था, आजची नीरी, १९५८ साली नागपुरातच सुरू झाली. विज्ञान शहरात होते, नदीही शहरात होती, तरी नदीची प्रत सुधारली नाही. कारण मोजणे आणि मोजल्यावर कोणाला तरी जबाबदार धरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

केंद्रीय मंडळाच्या याद्या हेच सांगतात. बीओडी ३ च्या वर गेलेला पट्टा प्रदूषित धरतात आणि ३० च्या वर गेलेला सर्वांत वाईट गटात टाकतात. देशात असे पट्टे २००९ मध्ये १५०, २०१५ मध्ये ३०२, २०१८ मध्ये ३५१ आणि २०२२ मध्ये ३११ होते. महाराष्ट्रातले पट्टे २०१५ मध्ये ४९, २०१८ मध्ये ५३ आणि २०२२ मध्ये ५५. देशात सर्वांत जास्त पट्टे महाराष्ट्रात. २०१८ च्या यादीत मिठी, मुळा आणि मुठा सर्वांत वाईट गटात होत्या. मिठीच्या काठावर कोण राहते आणि मुळा-मुठेच्या पूररेषेत कोणाच्या झोपड्या आहेत, हे आम्ही सांगायची गरज नाही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की महाराष्ट्र जास्त तपासतो म्हणून जास्त घाण दिसतो. यात तथ्य आहे. इथे तपासणी केंद्रे बऱ्याच राज्यांपेक्षा जास्त आहेत, आणि जिथे मोजलेच नाही तिथला पट्टा यादीत येणार कसा? पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? आणखी मोजले पाहिजे हाच. आम्ही ज्या नाल्याकाठच्या वस्तीत काम करतो, तिथला हातपंप आणि नाला यांत चार पावलांचे अंतर आहे. वस्तीत पोरे वारंवार जुलाबाने आजारी पडतात म्हणून आम्ही पाण्याचा अहवाल मागायला एका कार्यालयात गेलो. नदीचे तपासणी केंद्र वस्तीच्या वर, पुलाजवळ आहे, असे उत्तर मिळाले. तिथला आकडा ठीक होता. नाला मिळतो तो पुलाच्या खाली. वस्ती कुठल्याच केंद्रात येत नव्हती. पूर्वी आपल्याला पाणवठ्यावर येऊ देत नव्हते, आता आपला पाणवठा नोंदीत येत नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. नदी माता आहे, ती अपवित्र होत नाही, असे सांगितले जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभात केंद्रीय मंडळाने हरित लवादाला कळवले की तपासणीत अनेक वेळा विष्ठाजन्य कोलीफॉर्म स्नानाच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. तिथल्या राज्य सरकारने पाणी आचमनालाही योग्य असल्याचे सांगितले. मग केंद्रीय मंडळाचाच पुढचा अहवाल आला. सगळ्या नमुन्यांचे सांख्यिकी विश्लेषण करून पाणी स्नानायोग्य ठरवले गेले. अनेक दिवसांचा आणि अनेक जागांचा मिळून एक आकडा काढला की वाईट दिवस आणि वाईट जागा त्यात बुडून जातात. पण आजारी पडणारा माणूस विश्लेषणात स्नान करत नाही, तो एका दिवशी एका घाटावर स्नान करतो. नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आहे. गोदावरीबद्दल हाच खेळ होऊ नये, यासाठी आतापासून जागे राहिले पाहिजे.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती एवढे प्रश्न असताना नदीचे काय घेऊन बसलात? आमचे उत्तर असे की २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा मेलेली माणसे बाटलीबंद पाणी पिणारी नव्हती. गटारात उतरून गुदमरणारा कामगार कोणत्या जातीचा असतो हे आपल्याला माहीत आहे. त्याच गटाराचे दुसरे टोक नदीत आहे. हा प्रश्न आपल्या प्रश्नांच्या बाहेरचा नाही, त्यांच्याच पोटातला आहे.

आता काय करायचे

आम्ही मोठा कार्यक्रम सांगत नाही. आपल्या भागातल्या नदीचे तपासणी केंद्र नेमके कुठे आहे ते आधी शोधा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आपले आकडे संकेतस्थळावर देते, ते वाचायला शिका. दहावी-बारावीच्या पोरापोरींना ते सहज जमते. नमुना कोणत्या महिन्यात घेतला ते पाहा. पावसाळ्यातला आकडा आणि मे महिन्यातला आकडा एकच नसतो. नुसता निर्देशांक मागू नका, मूळ आकडे मागा. वस्तीच्या खाली केंद्र नसेल तर ते व्हावे असा लेखी अर्ज द्या, माहितीच्या अधिकारात कारण विचारा. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासण्याचे संच दिले आहेत आणि गावातल्या पाच महिलांना ते वापरायला शिकवावे असे ठरलेले आहे. त्या पाच महिला तुमच्या गावात कोण आहेत? त्यांत आपल्या वस्तीतली एक तरी आहे का? तिने आपल्या विहिरीचे पाणी कधी तपासले? ग्रामसभेत हे तीन प्रश्न विचारायला पैसा लागत नाही.

आणि पुढच्या २० मार्चला महाडला जाल तेव्हा तळ्यावरून परतताना सावित्रीच्या काठावर थोडा वेळ थांबा. तिचा शेवटचा अहवाल छापून सोबत न्या आणि मोठ्याने वाचा. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, हे बाबासाहेबांनी महाडमध्येच सांगितले होते. आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी ते तळ्यावर गेले होते. आज माणूस असणे म्हणजे आपल्या वाट्याला आलेले पाणी कोणत्या प्रतीचे आहे हे माहीत असणे, आणि ती प्रत कोणी ठरवली हे विचारता येणे. जुनी मोजपट्टी आपण महाडला मोडली. नवी मोजपट्टी मोडायची नाही, ती हातात घ्यायची आहे.

जय भीम!